बुजवलेली रेघ

मैथिली : आणि ही रेघ कुठं गेली?

उन्मेष : कुठली रेघ?

मैथिली : ही. मुळाभोवतीची, काळी. एक्सरेत बघ, दाताच्या मुळाला दोन्हीकडून काजळ ओढल्यासारखी दिसतेय. तुझ्या लॅपटॉपवरच्या चित्रात नाहीच ती.

उन्मेष : ती व्हय? बुजवली की.

मैथिली : काय केलंस?

उन्मेष : बुजवली. सॉफ्टवेअरमध्ये सोय असती, बारीक फट दिसली की सांधून टाकायची. आईचं स्कॅन आत घेतलं तवा दात आणि हाड यांच्यामध्ये सगळीकडं फट दाखवत होतं. ताण मोजायला चित्रावर बारीक चौकटींचं जाळं टाकतात, ते नीट बसंना, गणित पुढं सरकंना. मग एका झटक्यात सगळी बुजवली.

मैथिली : सगळ्या दातांची?

उन्मेष : सगळ्या. अर्धवट काम करत न्हाय मी. तोंड का असं केलंयस? अगं, कास्टिंगचा एक्सरे काढला आणि त्यात काळं दिसलं, तर ती पोकळी असती. पोकळी म्हणजे माल रिजेक्ट. शिरोलीच्या कारखान्यात इतकी वर्षं दुसरं काय केलंय मी? काळं दिसलं की हात आपोआप तिकडं जातो.

मैथिली : ती पोकळी नव्हती रे.

उन्मेष : मग काय होतं?

मैथिली : पडदा असतो तिथं. केसाइतका पातळ. दात हाडाला चिकटलेला नसतो उन्मेष, त्या पडद्यानं हाडात टांगलेला असतो. आपण तार लावून दात ओढतो, तो सगळा ओढा आधी त्या पडद्यावर येतो. एका अंगाला तो दबतो, दुसऱ्या अंगाला ताणला जातो. म्हणून हाड जागा देतं, म्हणून दात सरकतो. माझं अख्खं शास्त्र त्या रेघेत बसलंय, आणि तू ती...

उन्मेष : मग मला सांगायचं न्हाईस?

मैथिली : सांगायचं काय त्यात? दाताला पडदा असतो हे काय सांगायचं?

उन्मेष : तुला सांगायला लागत न्हाय. मी मेकॅनिकलचा माणूस, मला लागतं की! मला तू काय म्हणालतीस? म्हणालतीस, तुमच्याकडं इंजिनाच्या ब्लॉकवर ताण किती येतो ते बघता ना, तसं आईंच्या दातांवर बघ. मी बघितलं. दात हाडात ओतल्यागत एकजीव झाला, ताण पसरला, सगळं निळं आलं, लाल म्हणजे धोका, तो कुठंच न्हाय. आता कळतंय निळं का आलं ते.

मैथिली : आणि दात किती सरकला होता त्यात?

उन्मेष : ते न्हाय बघितलं.

मैथिली : का नाही बघितलं?

उन्मेष : तू रंग विचारलास. लाल कुठं येतंय का, एवढंच. सरकलेलं कोण बघतंय?

मैथिली : आत्ता काढ. आत्ता, माझ्यासमोर.

उन्मेष : थांब... हे बघ. शून्य. म्हणजे अगदी शून्य न्हाय, पण शून्यच म्हणायचं.

मैथिली : मी मूर्ख आहे. मी शुद्ध मूर्ख आहे. हाडाला चिकटलेला दात कितीही ओढा, हलत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवतात आम्हाला. एकदा जरी विचारलं असतं, की अरे तुझ्या चित्रात दात हलतोय का, तर तिथंच कळलं असतं. मी नुसता निळा रंग बघितला आणि आईंच्या मऊ स्प्रिंगा काढून कडक लावल्या.

उन्मेष : खाली बस आधी. येरझाऱ्या घालून काय होणार हाय?

मैथिली : बसवत नाही मला. त्यांच्या वयाला हाड खाली गेलेलं असतं, मुळाला निम्माच आधार राहिलेला असतो. माझे सर म्हणाले होते, साठीच्या तोंडावर आलेल्या बाईला घाई करू नको, दोन वर्षं घे. आणि मी दोन वर्षांचं काम निम्म्यावर आणायला निघाले. का? तर त्यांचा निरोप समारंभ आहे पुढच्या महिन्याच्या शेवटी.

उन्मेष : ते आईनंच सांगितलं होतं ना? म्हणाली, करायचं तर रिटायर व्हायच्या आधी कर, नंतर काय उपयोग.

मैथिली : त्या सांगतील रे. डॉक्टर कोण आहे?

उन्मेष : बरं. आता नीट सांग. नक्की काय झालंय? एक्सरेत नक्की काय दिसतंय तुला?

मैथिली : परवा काढलाय हा. पुढचा, वरचा, डावा. टोक बघ मुळाचं. आधीच्या एक्सरेत कसं निमुळतं होतं, आता बोथट झालंय. जोर जास्त झाला की शरीर मुळालाच खायला लागतं. आणि ती रेघ, आधी बारीक होती, आता रुंद झालीय. म्हणजे दात हलत असणार. आणि काल मी पेरू चिरून पुढं केला तर म्हणाल्या, नको, दात आंबलेत.

उन्मेष : आंबले असतील.

मैथिली : पेरू गोड होता! साखरेसारखा होता. आणि सकाळी चपाती चहात बुडवून खाल्ली. आपल्या आई, भडंगात शेंगदाणे नसतील तर वाटीला हात लावत नाहीत, त्या चपाती चहात बुडवून खातात. त्यांना कळलंय. दात हलतोय हे त्यांना माहितीय आणि त्या लपवतायत.

उन्मेष : बोलवलंयस ना तिला?

मैथिली : अकराला या म्हटलंय, दात चमकवून देते म्हटलंय. रिक्षानं येतील आता. रविवारचा दवाखाना बंद, म्हणून आज. तू आधी एक कर, ती रेघ परत आत घाल. पडदा घाल, त्याचा मऊपणा मी सांगते किती ते. आणि परत चालव.

उन्मेष : केव्हाच घातली. तू ओरडत होतीस तवाच घालायला घेतली. सुरू झालंय बघ. पंखा ऐकतीयस ना लॅपटॉपचा? वीस-पंचवीस मिनिटं लागतील.

मैथिली : तोवर त्या येतील.

उन्मेष : येऊ दे. मैथिली, एक सांगू का? तिला सगळं कशाला सांगायचं? म्हणायचं, दातांना थोडे दिवस विश्रांती. संपलं. चूक माझी, तुझी, कुणाची, ते आपल्यात राहू दे.

मैथिली : आणि नंतर दात पडला तर?

उन्मेष : पडतोय कशाला? बोलायचं म्हणून काहीही बोलू नकोस.

मैथिली : मला सांग ना, तुझ्या मावश्या काय म्हणतील? सुनेनं सासूचे दात घशात घातले. आयुष्यभर म्हणतील. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. आणि खरं असेल ते!

उन्मेष : मग न्हाय सांगायचं, हेच मी म्हणतोय की!

मैथिली : नाही रे, सांगायचंच. पण मला... थोडं थांब. आधी डोळे पुसू दे.

(शटर वर सरकल्याचा आवाज. आई, म्हणजे मीनाक्षी, पर्स काखेला लावून आत येतात.)

आई : रिक्षावाल्यानं सातव्या गल्लीऐवजी आठव्या गल्लीत नेलं. म्हटलं, बाबा, आकडे मोजायला शिकला असतास माझ्याकडं तर... हे काय? तूही इथं? लॅपटॉप घेऊन? चमकवायला दोघं लागतात होय?

उन्मेष : सहज आलोय.

आई : तू सहज कुठं जात नाहीस. कारखान्यातनं घरी यायला तुला फोन करून आठवण करावी लागते. काय झालं?

मैथिली : काही नाही आई, बसा ना खुर्चीत.

आई : मैथिली, डोळे लाल आहेत तुझे.

मैथिली : औषधाचा वास गेला डोळ्यांत.

आई : बरं. मी वर्गात शिरले की कुणी कॉपी केलीय हे मला वासावरनं कळायचं. आत्ता दोघांच्या तोंडावर तेच दिसतंय. बोला लवकर. मला दुपारी आक्काकडं जायचंय.

उन्मेष : आई, दात हलतोय का तुझा?

आई : कुठला?

मैथिली : कुठला म्हणजे? किती हलतायत?

आई : अगं तसं नाही. म्हातारपणी सगळंच हलतं. गुडघाही हलतो.

मैथिली : आई, बोट लावून बघू दे मला. तोंड उघडा. मोठं. थोडं मागं... हा?

आई : आं.

मैथिली : दुखतंय?

आई : दुखत नाही. ओढल्यासारखं होतं. रात्री जास्त.

मैथिली : कधीपासून?

आई : झाले असतील पंधरा-वीस दिवस.

मैथिली : आणि मला नाही सांगितलंत? एका घरात राहतो आपण, सकाळचा चहा एकत्र पितो!

आई : तू विचारलं नाहीस.

मैथिली : मी विचारलं! दर वेळी विचारते, काही त्रास आहे का?

आई : त्रास नव्हता. हलत होता. हलणं म्हणजे त्रास नव्हे. आणि तूच म्हणाली होतीस, दात सरकताना थोडा हलतो.

मैथिली : थोडा म्हटलं होतं. हा दारासारखा हलतोय.

उन्मेष : आई, ऐक. चूक माझी हाय.

मैथिली : माझी आहे. मी डॉक्टर आहे.

उन्मेष : तू गप. चित्र मी काढलं. आई, तुझ्या दातांचं ते रंगीत चित्र दाखवलं होतं बघ तुला, सगळं निळं? तेव्हा तू म्हणालीस, वा, माझे दात कधी इतके देखणे दिसले नव्हते.

आई : आठवतंय की. फोटोसारखं पाकिटात ठेवणार होते मी ते.

उन्मेष : ते खोटं होतं. म्हणजे, गणित बरोबर होतं, पण मांडणी चुकली. दात आणि हाड यांच्यामध्ये एक पडदा असतो. मी तो फट समजून बुजवला. त्यामुळं ताण सगळा लपला. त्या निळ्या चित्राच्या भरवशावर हिनं जोर वाढवला, आणि दात ढिला झाला.

आई : ताळा केलास?

उन्मेष : काय?

आई : उत्तर आल्यावर ताळा केलास का? दहावीपर्यंत माझ्याच हाताखाली होतास. गणित सुटलं म्हणून उड्या मारायच्या नाहीत, उलटं करून बघायचं, हे किती वेळा सांगितलं असेल तुला?

उन्मेष : कारखान्यात करतो. तिथं सगळं निळं आलं तर मला उलट संशय येतो. म्हणतो, इतकं गोड कसं काय? परत बसतो, परत चालवतो. पिराजी सुपरवायझर मला हसतो, म्हणतो साहेब, चांगलं आलं तरी तुमचं तोंड वाईट.

आई : मग इथं का नाही केलास?

उन्मेष : तुझं होतं म्हणून. निळं आलं आणि मला बरं वाटलं गं. मला तेच पाहिजे होतं. जे पाहिजे होतं तेच आलं, मग कोण तपासतंय?

मैथिली : मीही तसंच केलं आई. मला वाटलं, चला, सुटले. आता यांना समारंभापर्यंत देते करून. मी ती रेघ रोज एक्सरेत बघते. रोज. आणि तुमच्या चित्रात ती नाही हे मला दिसलं नाही.

आई : आणि मी दात हलतोय हे दडवून बसले. झालं मग. तिघांनी मिळून एकाच पेपरात कॉपी केली, आणि तिघंही नापास.

उन्मेष : चेष्टा नको ना करू.

आई : चेष्टा नाही तर काय रडू? बरं, हे आता काय चाललंय त्या यंत्रात? एवढं घरघर का करतंय ते?

उन्मेष : पडदा घालून परत चालवलंय. झालंच. शेवटचं... हां. आलं.

मैथिली : दाखव.

उन्मेष : थांब, फिरवतो.

मैथिली : उन्मेष, लॅपटॉप इकडं कर.

उन्मेष : हे बाकीचे बरे आहेत. पिवळे, हिरवे. आणि हा...

आई : हा लाल ठिपका माझा का?

मैथिली : हो आई. त्याच दाताचं टोक आहे ते. आणि हा वरचा पट्टा, हिरडीजवळचा, तोही लाल.

आई : पानाला चुना जास्त झाला की जीभ होते तशी दिसतीय. बरं. आणि मऊ स्प्रिंग लावली तर?

मैथिली : आई...

आई : विचारते नुसतं. याचं यंत्र आहे ना समोर? उन्मेष, मऊ घालून बघ. कडक काढ, मऊ घाल. त्याला काय परत वीस मिनिटं लागतील?

उन्मेष : न्हाय, जाळं तेच हाय, नुसता जोर बदलायचा. दोन मिनिटं.

आई : मग बघ. महिनाभर अजून आहे. मऊनं का होईना, सरकतील. थोडे राहिलेत आत यायचे.

मैथिली : नाही आई. आज मी सगळा ओढा काढणार. सगळ्या स्प्रिंगा.

आई : परत कधी लावणार?

मैथिली : चार-सहा महिने तरी नाही. दात घट्ट झाला तर पुढचं बघू.

आई : मग काय उपयोग? तोवर मी घरी बसलेली असेन. घरी कुणाला दाखवू, कुकरला?

उन्मेष : हे बघा, मऊ स्प्रिंगेला पिवळं आलं. लाल न्हाय. मैथिली, पिवळं हाय! म्हणजे चालतंय की.

आई : बघ! चालतंय.

मैथिली : नाही चालत.

उन्मेष : अगं, आता रेघ घातलीय ना मी? आता तर बरोबर हाय.

मैथिली : तुझं स्कॅन कधीचं आहे? सुरुवातीचं. त्यात मूळ पूर्ण आहे. आज ते मूळ झिजलंय, बोथट झालंय, आणि आधार कमी झालाय. हे पिवळं चित्र त्या दाताचं आहे जो आता राहिलेला नाही. तू परत तेच करतोयस उन्मेष. आवडता रंग आला की संपलं.

उन्मेष : बरं, बरोबर हाय तुझं.

मैथिली : आणि मी आत्ता त्याला बोट लावलंय. मला चित्र नको. बोटाला कळलंय.

आई : मैथिली, मी तुला एक विचारते, सून म्हणून नाही, डॉक्टर म्हणून सांग. मी कागदावर सही करून देते, की दात पडला तर माझी जबाबदारी. महिनाभर तेवढं चालू दे. पडायचा तर पडू दे, पण सरळ होऊन पडू दे.

मैथिली : नाही.

आई : माझा दात आहे.

मैथिली : तुमचा आहे, पण हात माझा आहे. मी नाही लावणार. दुसऱ्याकडं गेलात तरी मी त्यांना फोन करून सांगेन.

आई : एवढी रागावलीस?

मैथिली : मी घाबरलेय हो! कालपासून झोपले नाही मी. तुम्ही हसून म्हणालात दात आंबलेत, आणि मला वाटलं आता ओरडावं.

आई : अगं... इकडं ये. ये इकडं. रडू नको. हातमोजा डोळ्याला लावू नको, तूच आम्हाला सांगतेस.

उन्मेष : आई, एवढं काय आहे त्या समारंभात? चार हार, एक शाल, एक श्रीफळ. फोटो काढतील. तोंड मिटून उभी राहा की. नेहमी राहतेस तशी.

आई : हो. नेहमी राहते तशी.

उन्मेष : मी वाईट अर्थानं म्हणलं न्हाय.

आई : नाही रे. खरंच तशीच राहते. तुला माहितीय का, शाळेत मला काय म्हणायचे?

उन्मेष : मीनाक्षीबाई.

आई : तोंडावर. मागनं?

उन्मेष : सोड ना ते.

आई : म्हणजे माहितीय. फावडेबाई. मैथिली, तुला माहीत नसेल. दात पुढं, म्हणून. आणि मजा सांगते. पाचवीला एक नवीन पोरगं आलं, शाहूवाडीकडचं, भाबडं. पहिल्या दिवशी उशिरा आलं आणि दारात उभं राहून म्हणालं, फावडेबाई, आत येऊ का? अख्खा वर्ग खाली बघायला लागला. त्याची काही चूक नव्हती. सगळे म्हणतात म्हणून त्याला वाटलं, आडनावच आहे.

मैथिली : मग तुम्ही?

आई : मी म्हटलं, ये. बस. दुसरं काय म्हणणार? आणि वळले, आणि फळ्यावर लिहायला लागले. तेव्हापासून म्हणा, किंवा त्याच्या आधीपासून, मी फळ्याकडं तोंड करूनच शिकवत आले. गणिताचं एक बरं असतं, फळा लागतोच. कुणाला शंका येत नाही. लिहीत जायचं, बोलत जायचं. सगळे म्हणायचे, बाईंचं अक्षर काय सुंदर. होणारच की, दुसरीकडं बघतच नव्हते मी.

उन्मेष : मला कधी बोलली न्हाईस.

आई : तू माझ्याच वर्गात होतास. तुला काय बोलायचं? तूही पाठच बघितलीस.

उन्मेष : मला वाटायचं, तू कडक आहेस म्हणून वळत न्हाईस.

आई : सगळ्यांना तेच वाटायचं. चांगलं होतं ते. पण त्या दिवशी हॉलमध्ये फळा नाही. मला बोलायला सांगितलंय, दहा मिनिटं. जुनी पोरंही येणारेत, आता बायकापोरं घेऊन. मैथिली, मला देखणं नव्हतं दिसायचं गं. या वयात काय देखणं? मला एकदा वळून उभं राहून बोलायचं होतं. तोंडापुढं हात न धरता. म्हणून घाई केली. म्हणून दात हलतोय ते सांगितलं नाही. सांगितलं तर तू थांबवशील हे मला माहीत होतं. आणि थांबवलंसच.

मैथिली : मला हे माहीत असतं तरी मी थांबवलं असतं आई.

आई : कळलं. बघितलं मी तुझं तोंड. दुसऱ्या कुणी लावून दिली असती स्प्रिंग, सही घेऊन. तू नाही लावलीस. बरं, काढ मग. उन्मेष, दिवा धर तिला. हलवू नकोस, तुला भुईमुगाची शेंग धड धरता येत नाही.

मैथिली : तोंड मोठं उघडा. जीभ मागं. टोचणार नाही. ही एक निघाली... ही दुसरी. उन्मेष, दिवा खाली. आई, बोलू नका मध्ये.

आई : आं आं.

मैथिली : कळतंय मला, बोलतच होतात. झालं. तार तशीच ठेवलीय, दात आहेत तिथं धरून ठेवायला. आता ओढ नाही. जिभेनं हलवून बघायचं नाही.

आई : हलकं झालं. इतके दिवस कुणीतरी आतनं दोरी धरून बसल्यासारखं वाटत होतं. घट्ट होईल ना हा?

मैथिली : बहुतेक होईल. पण झिजलेलं टोक परत यायचं नाही. खोटं सांगत नाही तुम्हाला. बिस्किटसुद्धा पुढच्या दातांनी तोडायचं नाही.

आई : आणि दिसतायत कसे? आरसा दे.

मैथिली : नको आत्ता.

आई : दे गं. हं. निम्मे आत, निम्मे बाहेर. मध्ये फटही पडलीय. आधी निदान सगळे एका मताचे तरी होते.

उन्मेष : आई, असं करू. तू भाषण लिहून दे, मी वाचतो. तू नुसती शेजारी उभी राहा. लोकांना वाटंल, बाईंचा घसा बसलाय.

आई : परत निघालास बुजवायला?

उन्मेष : तसं न्हाय गं...

आई : तसंच आहे. तू लहानपणापासून तसाच. काही मोकळं दिसलं की तुला राहवत नाही. बापानं बशी फोडली की तू तुकडे डिंकानं चिकटवून कपाटात मागं ठेवायचास. मला सगळ्या बशा माहीत होत्या. राहू दे. माझं मी बोलणार.

मैथिली : बोलाल?

आई : बघू तरी येतं का. इथंच म्हणून बघते. तुम्ही दोघं तिकडं उभे राहा, शटरजवळ. हसायचं नाही. 'सन्माननीय मुख्याध्यापक, माझे सहकारी, आणि माझ्या विद्यार्थ्यांनो...'

उन्मेष : आई.

आई : काय? शीळ वाजली का फटीतनं?

उन्मेष : हात.

आई : कुठला हात?

उन्मेष : तोंडापुढं आलाय.

आई : आला का? बघ, मला कळलंसुद्धा नाही. घेतला खाली. आता?

मैथिली : आता दिसताय.

उन्मेष : त्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसतो. हात वर गेला की खूण करतो.

आई : नको. पहिल्या रांगेत बसलास तर मी तुझ्याकडंच बघत बसेन. शेवटच्या रांगेत बसा दोघंही. मधल्या सगळ्या पोरांची तोंडं बघायची राहिलीत माझी.